मदत हवी आहे: रविवारच्या मोफत मास्टरक्लासला काय गावं? (नाशिक)

गोदाकाठची_आई: नाशकात एका मोठ्या गायकांचा मोफत मास्टरक्लास आहे. लेकीचं नाव लागलंय, नुसतं बसायला नाही, गायला. प्रत्येकाला आठ मिनिटं. काय गाऊ, काय गाऊ म्हणून डोकं खातेय. क्लासच्या बाई गावाला गेल्यात, फोन लागत नाही. पटकन सांगा.

खर्जवाला: वय? परीक्षा कुठवर? किती वाजता? डॉक्टरला नुसतं "कोणती गोळी घेऊ" विचारल्यासारखं झालं हे.

गोदाकाठची_आई: सतरा. मध्यमा पूर्ण झाली. यमन छान गाते, सगळे म्हणतात. यमनच गाऊ दे ना?

खर्जवाला: वेळ विचारली होती.

गोदाकाठची_आई: दुपारी तीन.

मींडप्रेमी: मग यमन नको, तो संध्याकाळचा. भीमपलास घ्या, तो दुपारचा. मुलतानीच्या वाटेला जाऊ नका, त्यातला कोमल गंधार जरा हलला की तिथेच थांबवतील.

निवृत्त_मास्तर: वेळेचं सोवळं हवं कशाला? मास्टरक्लास म्हणजे मैफल नव्हे, चुका काढून घ्यायची जागा. जो राग कच्चा तोच गावा.

मींडप्रेमी: मास्तर, कच्चा गायला तर आठ मिनिटं सूर जागेवर आणण्यातच जातील, आणि ते काम तिच्या बाईसुद्धा करतात. तयार राग गायला तर बुवा पुढचं सांगतील. बढत कशी करायची, म्हणजे राग हळूहळू कसा फुलवायचा, बोल कुठे टाकायचे, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ओढूनताणून न येता कसं यायचं.

कॉलेजरोडकर: फुकटात काय शिकवणार? फोटो आणि शाल-श्रीफळ. खरंच शिकायचं तर पुण्याला पाठवा.

पंचवटीकर: फुकट म्हणून नाक मुरडू नका. स्पिक मॅके ही संस्था १९७७ पासून मोठमोठ्या कलाकारांना शाळा-कॉलेजांत नेऊन बसवतंय, मुलांकडून पैसे न घेता. आणि नाशिककरांनी तरी असं बोलू नये. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजदरबारच्या नाही, लोकांच्या पैशावर. पुढे ते आपल्याकडेच येऊन राहिले, रामनाम आधार आश्रम त्यांचाच.

कॉलेजरोडकर: पलुस्करांचा इथे काय संबंध?

पंचवटीकर: मुलीची मध्यमा कोणत्या मंडळाची आहे ते बघा, गांधर्व महाविद्यालय मंडळाची असेल तर संबंध कळेल.

स्वरसाधक७: ताई, मुलीला तानपुरा घेऊन द्या, तोही मिरजेचाच. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ॲपवर कान तयार होत नाही.

गोदाकाठची_आई: तानपुरा कोणी विचारला? रविवारचं सांगा हो.

खर्जवाला: पट्टी कोणती, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुरात गाते? तबला-पेटी आयोजक देणार की तुम्ही नेणार?

गोदाकाठची_आई: काळी चार म्हणतेय. साथीला त्यांचे लोक आहेत. हिने तबलजीबरोबर कधी गायलेलं नाही, मोबाइलवरच ठेका लावते.

खर्जवाला: हे आधी सांगायचं! मग बडा ख्याल, ते संथ लयीतलं मोठं गाणं, विसरा. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण मिनिट सहज खातं. त्यात आधीची ओळख नाही, तबलजी जरा वेगळा भरला तर पोरगी सम शोधत बसेल. थोडी आलापी, मग मध्यलय तीनतालातली बंदिश, स्थायी-अंतरा, चार साध्या ताना. पाच मिनिटांत आवरलं तरी चालेल, उरलेला वेळ बुवांना द्या. आणि त्यांनी मध्येच थांबवलं तर "हो, पण आमच्या बाई असं शिकवतात" म्हणू नये. म्हणतील तसं लगेच गाऊन दाखवायचं. रेकॉर्डिंग चालेल का ते आधी विचारा.

निवृत्त_मास्तर: मुळात बाईंना विचारल्याशिवाय दुसऱ्या घराण्याच्या गायकापुढे बसवणं मला पटत नाही.

मींडप्रेमी: जाहीर कार्यक्रम आहे, गंडा बांधून शिष्य नाही होत. बाईंना कळवा मात्र जरूर, नंतर दुसऱ्याकडून कळलं तर वाईट वाटतं.

कॉलेजरोडकर: हॉल कोणता? कालिदास असेल तर शालिमारला गाडी लावायला जागा नसते, सिटीलिंकच्या बसने जा.

गोदाकाठची_आई: कालिदास नाही, गंगापूर रोडला आहे. बाईंचा फोन लागला एकदाचा. जा म्हणाल्या, खूश होत्या. फक्त म्हणाल्या, यमनच गा.

मींडप्रेमी: तीन वाजता?