बोअरची मोटर अचानक बंद, मामा विहिरीत इंजिन उतरवू म्हणतायत. काय करू?

बार्शीची_सून

नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे म्हणून सगळं एका दमात लिहितेय. आम्ही दोघं पुण्यात, गावी बार्शी तालुक्यात सासू-सासरे (मी त्यांना आत्या-मामा म्हणते) आणि धाकटे दीर असतात, वस्ती शेतात आहे, गावापासून लांब. घराला, जनावरांना आणि थोड्या लिंबोणीला पाणी एकाच बोअरचं. बोअर साडेसहा इंची, मोटर ५ एचपी थ्री फेज, ३६० फुटावर सोडलेली, लोखंडी पाईप. काल डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज गेला होता, वायरमननी येऊन टाकला, त्यानंतर मोटर चालली पण आज दुपारपासून बंद. दीर म्हणतात हिरवं बटण दाबलं की स्टार्टर ओढतो, अँपिअरचा काटा एकदम वर जातो आणि चार-पाच सेकंदात खटका पडतो. पाण्याचा थेंब नाही.

मोटर काढणाऱ्या दोघांना फोन केले. एक म्हणतो सोमवारनंतर येतो, दुसरा म्हणतो मोटर जळालीच असणार, नवीन घेऊनच ठेवा, मी येऊन बदलून देतो. बघितल्याशिवाय कसं काय सांगतात हे? टाकीत पाणी जेमतेम रात्रीपुरतं आहे, घरी तीन म्हशी, त्यातल्या दोन दुभत्या.

आता खरी काळजीची गोष्ट. रानात जुनी विहीर आहे, पाच परस तरी खोल असेल, तळाला पाणी आहे पण दोन-तीन वर्षं कुणी उपसलेलं नाही. मामा म्हणतायत की गोठ्यात डिझेल इंजिन पडून आहे, ते चालू करून विहिरीतल्या कट्ट्यावर उतरवू, पूर्वी असंच करायचो. दीर सकाळी दोर लावून उतरणार म्हणतायत. मला ते काही बरोबर वाटत नाहीये पण मी इथून काय सांगणार आणि सुनेचं कोण ऐकणार. कुणाला माहिती असेल तर लवकर सांगा प्लीज.

शेतीवाला_नेवासा

ताई, बाकी सगळं नंतर, पहिलं आत्ताच्या आत्ता घरी फोन लावा आणि सांगा की विहिरीत कुणीही उतरायचं नाही, आणि इंजिन तर अजिबात उतरवायचं नाही. मी लिहिलेलं हे त्यांना वाचून दाखवा, म्हणजे सून सांगतेय असं वाटणार नाही.

पूर्वी इंजिन विहिरीत उतरवायचे याचं कारण काय, तर वरून पंप पाणी ओढू शकत नाही. कागदावर ३३-३४ फूट येतात पण प्रत्यक्षात २०-२२ फुटाच्या पुढं सक्शन धरत नाही. म्हणून पाणी खाली गेलं की लोकं इंजिनच खाली न्यायचे. पण इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला ना वास ना रंग, आणि विहिरीत वारं फिरत नाही त्यामुळं तो आतच कोंडतो. माणसाला गुदमरल्यासारखंही होत नाही, नुसतं डोकं जड होतं, पायातलं बळ जातं आणि तो खाली बसतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. तसल्या बातम्यात बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त माणसं जातात ती अशी.

आणि इंजिन नसलं तरी बंद पडलेल्या विहिरीत पाला कुजून जड हवा तळाला साठते. लोकं कंदील सोडून बघतात, कंदील विझला तर ऑक्सिजन नाही एवढं कळतं, पण कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगली असं अजिबात नाही, मोनॉक्साईड असला तरी कंदील जळतोच. आमच्या तालुक्यात वाकडीला एप्रिल २०२४ मध्ये पडक्या विहिरीत मांजर पडलं, ती विहीर शेणाच्या स्लरीसाठी वापरत होते, मांजराला काढायला एक उतरला आणि त्याच्या मागं एकेक करत पाच माणसं गेली. कमरेला दोर बांधलेला होता तो एक जण वाचला. पाच माणसं ताई, तीही एकमेकांच्या मायेपोटी उतरलेली. मामांना हे नक्की सांगा, त्यांनी पण पेपरात वाचलं असेल.

कुणी आत पडलंच कधी तर मागं उडी नाही टाकायची, वरून दोर सोडायचा, मोठ्यानं हाका मारायच्या आणि ११२ ला फोन करून अग्निशमनवाल्यांना बोलवायचं.

पाण्याचं म्हणाल तर शेजारीपाजारी कुणाकडं एक एचपीची सिंगल फेज ओपनवेल (विहिरीत बुडवून चालवायची मोटर) असेलच. ती नायलॉनच्या दोरानं वरूनच विहिरीत सोडायची, पूर्ण बुडाली पाहिजे पण तळाच्या गाळापासून दोन फूट वर. पन्नास फुटातनं एक एचपी आरामात पाणी चढवते. केबलला धरून लोंबकळत ठेवायची नाही, वजन सगळं दोरावर. आणि मोटर पाण्यात असेपर्यंत त्या पाण्यात हात-पाय घालायचा नाही, काही करायचं असेल तर आधी बोर्डावरचा मेन बंद.

रिवाइंडिंग_पंढरपूर

वरच्या भाऊंनी एकदम बरोबर सांगितलं. मी मोटरीचं सांगतो, माझं दुकानच आहे.

ताई, न बघता जळाली म्हणणाऱ्याचं काही ऐकू नका. तुम्ही जे लक्षण सांगितलं, काटा वर जाऊन खटका पडतो, त्याची कारणं तीन-चार आहेत आणि त्यातली अर्धी जमिनीच्या वर आहेत. आधी दिरांना सांगा बटण दाबणं बंद करा. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट घेते, जागेवर अडकलेली असली की तो करंट उतरतच नाही, आणि अजून एकदा बघू अजून एकदा बघू करत चांगली वाइंडिंग (मोटरीतली तारेची गुंडाळी) माणूस स्वतःच्या हातानं जाळतो. दुकानात येणाऱ्या मोटरींत हे लई बघतो. खटका पडू नये म्हणून रिले वाढवून ठेवणारे तर विचारूच नका.

उद्या सकाळी वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन जो मिळेल तो बोलवा, फक्त त्याच्याकडं क्लॅम्प मीटर (वायरीभोवती लावून करंट मोजायचं मीटर) पाहिजे. पहिलं बघायचं की स्टार्टरच्या वरच्या बाजूला तिन्ही फेज येतायत का, काल फ्यूज टाकलाय म्हणजे तिथंच शंका आहे. नुसत्या टेस्टरवर जाऊ नका, एक फेज गेला असला तरी दुसरीकडनं मागून करंट फिरून येतो आणि टेस्टर लागतो, माणूस फसतो. मीटरनं दोन-दोन फेजमध्ये व्होल्ट बघायचे, तिन्ही जोड्यांत ४०० च्या आसपास पाहिजेत. नसतील तर मोटरीला हात लावायची गरजच नाही, १९१२ ला तक्रार टाका.

तिन्ही फेज बरोबर असतील तर स्टार्टरचे कॉन्टॅक्ट उघडून बघा, एखादा काळा पडलेला असतो, मुंग्या-पाली पण जातात. ते पण ठीक असेल तर मोटरीकडं जाणाऱ्या तीन वायरींवर क्लॅम्प लावून एकदाच, दोन सेकंद चालू करा. दोन वायरींत करंट जास्त आणि एकीत शून्य म्हणजे केबलची एक कोर (आतली तार) तुटलीय किंवा जॉइंट गेलाय. तिन्हीत सारखाच जास्त करंट म्हणजे व्होल्टेज तरी कमी आहे नाहीतर पंप गाळानं जाम आहे. मग मेन बंद करून, फ्यूज हातात काढून घेऊन, केबल स्टार्टरमधनं सोडवा आणि ओहम बघा. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा आला तर वाइंडिंग बहुतेक जिवंत आहे. प्रत्येक वायर आणि केसिंग (बोअरच्या तोंडाचा बाहेरचा पाईप) यांच्यात मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला तर जळालीय का नाही ते वरच कळतं, त्यासाठी ३६० फूट पाईप काढायची गरज नाही.

अजून एक, डीपीवर काम झालं की कधीकधी फेज उलटसुलट होतात आणि मोटर उलटी फिरते. तेव्हा खटका पडत नाही, फक्त पाणी पार कमी येतं. स्टार्टरमधल्या कुठल्याही दोन वायरी बदलल्या की काम झालं. तुमचं लक्षण ते नाही पण माहिती असू द्या, यासाठी पण लोकांनी अख्खी मोटर वर काढलेली बघितलीय.

काढायचीच वेळ आली तर तिपाई आणि चेन कुप्पीवालाच (साखळीच्या कप्पीनं पाईप उचलणारा) बोलवा. मोटर अडकली म्हणून ट्रॅक्टरनं ओढू देऊ नका, पाईप तुटला की मोटर पण गेली आणि बोअर पण गेला. फुटाला किती, काढायचे आणि सोडायचे वेगळे का एकत्र, हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या. रिवाइंडिंग झालं तर जुनी तार वजन करून परत मागा, तेवढ्याच वजनाची तांब्याची तार भरली का ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि मोटर परत सोडायच्या आधी तिच्यात स्वच्छ पाणी भरलं पाहिजे, त्याच पाण्यावर आतले बुश फिरतात. कोरडी सोडली तर नवीन मोटर पण टिकत नाही.

आरोग्यसेवक_भोर

मोटरीतलं मला कळत नाही पण त्या विहिरीच्या पाण्याबद्दल सांगतो. दोन-तीन वर्षं न उपसलेलं पाणी जनावरांना पण लगेच पाजू नका, आधी तासभर उपसून रानात सोडा. माणसांच्या वापरासाठी टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाका, ग्रामपंचायतीत मिळते.

नेहमीचा हिशोब हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीतलं पाणी मोजायचं असं, व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्याच आकड्यानं गुणा, मग पाण्याच्या उंचीनं गुणा आणि ०.७८५ नं गुणा, जे येईल तेवढे हजार लिटर. म्हणजे ५ मीटर रुंद विहिरीत २ मीटर पाणी असेल तर साधारण ३९ हजार लिटर, पावडर झाली १०० ग्रॅमच्या आसपास. पावडर कोरडी टाकू नका, प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरानं विहिरीत सोडा आणि खालीवर हलवा. हे सगळं वरूनच होतं, उतरायचं काही काम नाही. कमीत कमी एक तास थांबा. पावडर उघडी पडलेली, ओलसर, वास उडालेली असेल तर तिच्यात काही राहिलेलं नसतं, नवीन पुडा मागा. पिण्यासाठी मात्र दोन-चार दिवस जार किंवा टँकरचंच बघा आणि तेही उकळून, म्हातारी माणसं आहेत घरात.

दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला ६०-७० लिटर लागतं, त्यामुळं टाकीतलं चांगलं पाणी आज घरासाठी राखून ठेवा.

बार्शीची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीच फोन केला, नेवासावाल्या दादांचं लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. मामा आधी म्हणाले आम्ही आयुष्यभर उतरलोय, पण वाकडीचं ऐकल्यावर गप्प झाले, आणि आत्यांनी इंजिनचं हँडलच आत नेऊन ठेवलं. शेजारच्या वस्तीवरनं एक एचपीची ओपनवेल मिळालीय, वरूनच सोडली, आधी काळं पाणी आलं ते बांधाला सोडलं, आता बरं येतंय. टीसीएल पण आणली.

इलेक्ट्रिशियन आला होता. वरती तिन्ही फेज बरोबर निघाले. मग क्लॅम्प लावल्यावर दोन वायरींत करंट आणि तिसरीत शून्य. रिवाइंडिंगवाल्या दादा, तुम्ही सांगितलं तस्संच. तो म्हणाला केबलमध्ये कुठंतरी कट आहे, पण कुठं ते पाईप काढल्याशिवाय कळणार नाही. आता पूर्ण काढायची का?

रिवाइंडिंग_पंढरपूर

थांबा ताई, पूर्ण नका काढू. आधी बोअरचं झाकण काढून केसिंगच्या तोंडाशी केबल बघा. मोटर चालू-बंद होताना पाईपला प्रत्येक वेळी हिसका बसतो, केबल केसिंगच्या धारेवर घासत राहते आणि तिथंच कापली जाते, खास करून क्लॅम्पच्या खाली जिथं पट्टी सुटलेली असते. चेन कुप्पी लावून पहिला पाईप वर घ्या, तेवढ्यात सापडायचा चान्स चांगला आहे.

सापडला तर जॉइंट नीट करून घ्या. तिन्ही कोरचे जोड एकाच जागी नकोत, वरखाली पाहिजेत, नाहीतर गाठ जाड होते आणि एकमेकांना चिकटतात. आधी रबराची टेप ताणून, मग वरून पीव्हीसी टेप. झालं की तो जॉइंट बादलीभर पाण्यात बुडवून मेगर लावायला सांगा, पाण्यात पण रीडिंग चांगलं आलं तरच खाली सोडायचा. मेगर नाही म्हणणाऱ्याकडनं करून घेऊ नका.

बार्शीची_सून

सापडलं! पहिला पाईप थोडा वर उचलला तर केसिंगच्या कडेला केबल घासून एक कोर पूर्ण तुटलेली, दुसरीचं पण आवरण गेलेलं. दिरांनी फोटो पाठवला, हिरवट पडलेलं तांबं दिसतंय. जॉइंट केला, बादलीत बुडवून मेगर लावला, मग सोडला. केसिंगच्या तोंडाला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून घेतलाय. मोटर चालू झाली, पहिली दहा मिनिटं गढूळ, मग नितळ. नवीन मोटर घ्या म्हणणाऱ्याला मी फोन करून सांगितलं की मोटर चांगली आहे, त्यानं काही न बोलता ठेवून दिला.

एकच विचारायचंय, असं परत होऊन मोटर खरोखर जळू नये म्हणून काय बसवू? दीर ऑटो स्विच लावायचं म्हणत होते, म्हणजे रात्री लाईट आली की आपोआप चालू होईल.

रिवाइंडिंग_पंढरपूर

लई बरं वाटलं वाचून. ऑटो स्विच नको. लाईट आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठतात, डीपीवर भार येतो आणि परत फ्यूज जातो. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा, एक फेज गेला की तो मोटर बंद करतो, आणि त्याच्यासोबत ड्राय रनचं प्रोटेक्शन घ्या, कारण मे महिन्यात बोअरचं पाणी तुटतं आणि मोटर पाण्याशिवाय फिरली की थंडच होत नाही. दोन्ही एकाच पॅनेलमध्ये येतं. ओव्हरलोड रिले मोटरीच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावून घ्या, त्याच्यावर नाही. पाईपला दर दहा फुटावर केबल बांधलेली पाहिजे, पुढच्या वेळी मोटर वर निघेल तेव्हा ते बघून घ्या.

शेतीवाला_नेवासा

आणि बोअरचं झाकण परत बोल्ट मारून बसवलं का ते फोटोत बघा ताई. काम झाल्यावर नुसतं पोतं टाकून ठेवतात. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलंय की दुरुस्ती चालू असताना सुद्धा बोअर उघडा ठेवायचा नाही. वस्तीवर लहान पोरं येत-जात असतात. त्या जुन्या विहिरीला पण निदान बाभळीच्या फांद्यांचं कुंपण आजच करून घ्या, कठडा नंतर बांधता येईल.

बार्शीची_सून

झाकण बसवलंय, बोल्ट दिसतायत फोटोत. कुंपणाचं मामांना सांगितलं, ते म्हणाले उद्याच फांद्या तोडतो.