शेवटच्या नळाला क्लोरीन शून्य येतोय, डोस वाढवू का?

प्रश्न:
शुद्धीकरण केंद्रातून निघताना मोकळा क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेला) लिटरला 1 मिलिग्रॅम, गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत. जलकुंभाच्या आउटलेटला 0.7 मिळतो. शेवटच्या गल्लीत मात्र काहीच नाही. पाणी दिवसातून दोनच तास सुटतं. डोस दीडपट करावा का?

प्रतिसाद 1:
इतक्यात नको. नळाला किमान 0.2 हवाच, पण 0.7 चा शून्य होतोय म्हणजे वाटेत काहीतरी क्लोरीन खातंय. डोस वाढवलात तर ते फक्त झाकलं जाईल.
त्याच लाइनवर चार-पाच ठिकाणी नमुने घ्या, पाणी सुटल्यासुटल्या एकदा आणि अर्ध्या तासाने पुन्हा. आधी शून्य आणि नंतर सुधारत असेल, तर पाणी बंद असताना बाहेरची घाण आत शिरतेय. पाइप रिकामा होताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि ढिल्या जॉइंटमधून भोवतालचं पाणी ओढलं जातं. गटारातून गेलेली कनेक्शनं सगळ्यात आधी बघा. अर्ध्या तासानेही शून्यच राहिला, तर टोकाला साचलेला गाळही कारण असू शकतो. वॉशआउट (लाइनमधला गाळ काढायचा व्हॉल्व्ह) उघडून पाणी नितळ येईपर्यंत सोडा.

प्रतिसाद 2:
चाचणी कशाने करता? ऑर्थोटोलिडीन या रसायनाचा पिवळा रंग संयुक्त क्लोरीनलाही (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला) येतो, त्यामुळे फसगत होते. डीपीडी वापरा, त्याने क्लोरीनला गुलाबी रंग येतो. 1 नंबरच्या गोळीने मोकळा क्लोरीन कळतो. त्याच नमुन्यात 3 नंबरची टाकल्यावर गुलाबी रंग गडद झाला, तर पाण्यात अमोनिया आहे. केंद्रावरच्या नमुन्यात असं होत नसेल, तर सांडपाण्याचा संशय धरा आणि ई. कोलाय या विष्ठेतल्या जिवाणूची तपासणी लगेच करा. 100 मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.

प्रश्नकर्ता:
जॉइंट बदलल्यावर लाइन लगेच सुरू करता येते का? पाइप 100 मिमीचा, लांबी 100 मीटर.

प्रतिसाद 1:
नाही. आधी जोरात धुऊन काढा. मग लिटरला 25 मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी भरून 24 तास कोंडून ठेवा. तुमच्या पाइपात साधारण 785 लिटर मावतं, म्हणजे 20 ग्रॅम क्लोरीन. ब्लीचिंग पावडर 30 टक्क्यांची असेल तर 65 ग्रॅम. उघड्या पोत्यातली पावडर उतरलेली असते, तिची ताकद आधी तपासा. पावडर बादलीत कालवून निवळू द्या आणि वरचं नितळ पाणीच घाला, चुन्याचा साका पाइपात जाऊ देऊ नका. 24 तासांनी क्लोरीन 10 च्या खाली आला असेल तर पुन्हा भरा. नंतर धुऊन जिवाणूंचा अहवाल येईपर्यंत व्हॉल्व्ह बंदच ठेवा. लोक कितीही घाई करोत, अहवालाआधी पाणी सोडू नका.