ब्रिगिटे मिरा: फासबिंडरच्या आधीचं आयुष्य

जर्मन अभिनेत्री ब्रिगिटे मिराला दिग्दर्शक फासबिंडरने तिच्या त्रेसष्टाव्या वर्षी शोधून काढलं, असं कुणी म्हटलं की मला काही पटत नाही. त्याच्या १९७४च्या ‘अली’ या सिनेमामुळे तिला जगाने ओळखलं, हे खरं. पण बाई त्याआधी कित्येक दशकं ऑपेरेटा (हलकीफुलकी संगीत नाटकं) आणि कॅबरेच्या रंगमंचावर होत्या. आणि १९७७पासून बर्लिनच्या घराघरांत त्या पोचल्या ते सॉसेजच्या टपरीवरची आजी म्हणून, टीव्हीवरच्या ‘द्राय डामेन फोम ग्रिल’मधून.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिलीच. मिराचे वडील ज्यू होते. ते लपवून ती नाझी राजवटीत कामं करत होती, आणि १९४३-४४मध्ये चक्क सरकारी प्रचारपटांत! ‘लीझे उंड मीझे’मधली मीझे, म्हणजे चोरून परदेशी रेडिओ ऐकणारी ‘वाईट’ बाई, ती हीच. हे माहीत झाल्यावर मी ‘अली’ पुन्हा पाहिला. त्यात मिराने साकारलेली एमी आपल्या मोरोक्कन पाहुण्याला, अलीला, अगदी सहज सांगते की मीही हिटलरच्या पक्षात होते, जवळजवळ सगळेच होते. पुढे त्याच्याशी लग्न झाल्यावर जेवायला जाते तीही हिटलर जायचा त्याच हॉटेलात, आणि मेन्यूकार्ड हातात घेऊन बावरते. पहिल्यांदा मी इथे हसलो होतो. या वेळी नाही जमलं.