मदत हवी आहे : घटसर्पाच्या जिवाणूतील विषनियंत्रक जनुकातले बदल

नमस्कार. घटसर्पाच्या विषाचे जनुक जिवाणूचे मूळचे नसून त्याच्यात शिरलेल्या विषाणूचे असते, हे फ्रीमन यांच्या १९५१ मधील कामापासून ज्ञात आहे. मात्र त्याला लगाम घालणारे डीटीएक्सआर प्रथिन जिवाणूच्याच गुणसूत्रावरून तयार होते आणि लोह मुबलक असेपर्यंत विषनिर्मिती रोखते. १९९० च्या दशकातील रशियातल्या साथीच्या जिवाणूंमध्ये या प्रथिनातील अमिनो आम्लांचे बदल प्रामुख्याने उत्तरार्धात आढळतात, तर डीएनएला धरणारा पूर्वार्ध जवळपास अबाधित आहे. मला हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. अशा बदलांमुळे लोहाला मिळणारा प्रतिसाद खरोखर सैल पडतो का? एलेक चाचणी विष आहे की नाही एवढेच सांगते. लोहाच्या वेगवेगळ्या प्रमाणांत विषाचे मोजमाप करण्याची खात्रीशीर पद्धत कोणी वापरली असल्यास कृपया सविस्तर लिहावे.