टर्म पॉलिसीचा राखीव निधी पहिल्या वर्षअखेर उणे कसा येतो?

प्रश्न: एम.एस्सी. विद्यार्थिनी, सांगली

मी सांगलीत संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून आयुर्विम्याच्या गणिताचा अभ्यास नुकताच सुरू केला आहे. एकाच वयाच्या १००० व्यक्तींनी प्रत्येकी १० लाख रुपयांची तीन वर्षांची टर्म पॉलिसी (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारी) घेतली आणि त्यांच्यात पहिल्या वर्षी २, दुसऱ्या वर्षी ३ व तिसऱ्या वर्षी ४ मृत्यू अपेक्षित आहेत, असे मी धरले; व्याज सोयीसाठी सोडून दिले. दावे एकूण ९० लाखांचे आणि वर्षारंभी भरले जाणारे हप्ते १०००, ९९८ व ९९५ मिळून २९९३, म्हणून समान वार्षिक हप्ता सुमारे ३००७ रुपये येतो. पहिल्या वर्षअखेर पुढचे दावे ७० लाखांचे आणि पुढचे हप्ते ५९.९३ लाखांचे, म्हणजे या दोहोंतली तूट भरण्यासाठी हयात विमेदारामागे १००९ रुपयांचा राखीव निधी हवा. इथवर समजले.

आता कमिशन, वैद्यकीय तपासणी वगैरेंपोटी प्रत्येक पॉलिसीमागे सुरुवातीलाच ४००० रुपये खर्च होतो असे धरले, तर हप्ता ४३४३ रुपये होतो आणि त्याच रीतीने राखीव निधी दरडोई उणे १६६० रुपये येतो. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितात. ‘देणे उणे असेल तर ते येणे झाले’, असे त्यांचे म्हणणे. मग कंपनी ते येणे म्हणून दाखवते का?

उत्तर १: निवृत्त प्राध्यापक, विश्रामबाग

तुमची आकडेमोड बरोबर आहे आणि दोन्ही उत्तरेही बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. पहिल्या उदाहरणात हप्ता फक्त मृत्यूच्या जोखमीचा आहे. वयानुसार जोखीम वाढते पण हप्ता समान राहतो, त्यामुळे सुरुवातीला जास्तीची वसुली होते आणि ती पुढच्या दाव्यांसाठी बाजूला ठेवावी लागते. दुसऱ्या उदाहरणात कंपनीने ४००० रुपये पहिल्याच दिवशी खर्च केले आणि ते प्रत्येक हप्त्यातून सुमारे १३३६ रुपये असे वसूल करायचे ठरवले. पहिल्या वर्षअखेर ही वसुली बरीच बाकी असते, आणि ती १००९ रुपयांतून वजा होऊन उणे १६६० उरतात. सुरुवातीचा खर्च पुढच्या हप्त्यांतून भरून निघणार असे धरून राखीव निधी तेवढा कमी दाखवण्याची रीत जर्मन विमागणिती आउगुस्ट झिल्मर यांनी १८६३ मध्ये मांडली, आणि तिच्यावर मोठा वाद झाला. मला तो वाद रास्त वाटतो, कारण खर्च झालेला पैसा निश्चित असतो आणि पुढचा हप्ता नसतो.

उत्तर २: विमागणित विभागात नोकरी, मूळ गाव सातारा

ताई, वडिलांचा तर्क अडतीच्या वहीत चोख आहे. तिथे येणे असलेली रक्कम मागता येते. विमेदार मात्र हप्ता भरायला बांधील नसतो. त्याने दुसऱ्या वर्षी पॉलिसी बंद पडू दिली, तर ते १६६० रुपये कुणाकडूनही वसूल होत नाहीत. म्हणून आपल्याकडील मूल्यांकनात एखाद्या पॉलिसीचा राखीव निधी उणे आला तर तो शून्य धरला जातो, आणि हमी दिलेल्या समर्पण मूल्यापेक्षा (मुदतीआधी पॉलिसी सोडल्यास परत मिळणाऱ्या रकमेपेक्षा) कमी आला तर निदान तेवढा वाढवला जातो. हे प्रत्येक पॉलिसीगणिक करायचे असते. एकाचे उणे दुसऱ्याच्या अधिकात वळते करता येत नाही. मृत्युदरासाठी भारतीय विमागणिती संस्थेने प्रसिद्ध केलेली २०१२-१४ ची विमेदारांची सारणी आधाराला घेतात, आणि मृत्युदर, व्याज, खर्च अशा प्रत्येक गृहीतकावर प्रतिकूलतेसाठी, म्हणजे अंदाज कंपनीच्या विरुद्ध चुकला तर म्हणून, थोडी जादा तरतूद चढवतात.

पुन्हा प्रश्न: विद्यार्थिनी

दोघांचेही आभार. मग पॉलिसी बंद पडण्याचे प्रमाणही वाढवूनच धरायचे का? कारण त्यात कंपनीचे नुकसान आहे.

उत्तर ३: विमागणित विभागात नोकरी, मूळ गाव सातारा

नाही, आणि नवखे लोक नेमके इथेच अडखळतात. निधी उणे असताना पॉलिसी बंद पडली तर कंपनीला तोटा होतो. पण तीस वर्षांच्या टर्म पॉलिसीचा निधी मधल्या काळात चांगलाच अधिक झालेला असतो, आणि नियमित हप्त्याच्या शुद्ध टर्म पॉलिसीत बहुधा समर्पण मूल्य नसते. तेव्हा विमेदार सोडून गेला तर तो निधी मोकळा होतो व कंपनीला फायदा होतो. तिथे गळतीचे प्रमाण वाढवून धरणे म्हणजे न घडलेला फायदा आधीच मोजणे होय. म्हणून गळतीवरची तरतूद सुरुवातीच्या वर्षांत वरच्या बाजूला आणि नंतर खालच्या बाजूला अशी, निधीला जास्त भार पडेल त्या दिशेने घ्यावी लागते. दर ठरवतानाही हाच धोका असतो: नंतरच्या वर्षांत बरेच लोक सोडतील असे धरून हप्ता स्वस्त केला आणि लोक टिकून राहिले, तर दावे मोठ्या वयाचे आणि संख्येने जास्त येतात. तुमच्या तीन वर्षांच्या उदाहरणात हा पालट दिसणार नाही. मुदत वीस वर्षे करा, व्याज घाला, आणि निधी कोणत्या वर्षी शून्य ओलांडतो ते पाहा.