आयुष्यभर कमी बोललो, आता चाळीस मिनिटं काय बोलू?

गॅलरीवाला, सातारा
निवृत्त होऊन गोडोलीत राहतोय. नोकरीची सुरुवात कोयनेला, धरणाच्या पोटातल्या तपासणी गॅलरीत. व्ही-नॉचवरून (म्हणजे V आकाराची खाच असलेल्या पत्र्यावरून) गळतीचं पाणी किती पडतंय, धरणाच्या पायाखालून पाण्याचा दाब किती, प्लंब लाइन (धरण किती कललं ते दाखवणारी ओळंब्याची तार) किती सरकली, हे वहीत उतरवायचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात या १०३ मीटर उंच धरणाला तडे गेले होते, मग खालच्या अंगानं काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट केलं. त्यामुळं तिथला आकडा कुणी सहज म्हणून बघत नाही. आत गारवा, पाझर, आणि बोलायला कुणी नाही. मला फार मानवलं ते!

पुढं बदल्या झाल्या, खुर्ची मिळाली, मीटिंगा आल्या. सुट्टीत जीपमध्ये बसून डबा खायचो. लोक म्हणायचे, शिष्ट आहे.

आता भाच्याच्या कॉलेजात मुलांपुढं बोलायला बोलावलंय. विषय 'यशस्वी कारकीर्द' (वाचूनच घाम फुटला). मंडळी म्हणते, जाच. काय बोलू?

मिरजकर
काका, कारकीर्द सोडा, व्ही-नॉचवर बोला. प्रवाह खाचेतल्या पाण्याच्या उंचीच्या अडीचाव्या घातानं वाढतो हे पोरं पाठ करतात. पण उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपटीच्या वर जातं, म्हणजे उंची मोजायच्या पट्टीवर नजर तिरकी पडली तर वहीत काय उतरेल, हे त्यांना कोण सांगणार?

पलूसची साइटवाली
मी पण अबोलच. पण काका, साइटवर गप्प बसलं की ठेकेदार तो होकार धरतो. नुसतं शांत स्वभावाचं कौतुक सांगू नका हं. तुम्ही 'नाही' कसं म्हणायचात?

गॅलरीवाला, सातारा
ताई, तोंडानं नाहीच जमलं कधी. लिहायचो. एकदा कालव्यावरच्या एका मोरीच्या स्लॅबचे क्यूब (त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) २८ दिवसांच्या चाचणीत ताकदीला कमी भरले. वरचे म्हणाले, "बघू की." मी संध्याकाळी टिपणी लिहिली: आकडे, तारीख, सही. विशेषणं एकही नाही. आणि आवक नोंदवहीत क्रमांक पाडून घेतला. क्रमांक पडलेला कागद सहजी गहाळ होत नाही, हे ठेकेदारालाही ठाऊक असतं. स्लॅब फोडून पुन्हा घातला. नंतर बरेच दिवस मला कुणी चहाला हाक मारली नाही, पण ती माझ्यासाठी शिक्षा नव्हतीच.

पलूसची साइटवाली
अहो, हेच सांगा! आणि टिपणी लिहायची कशी तेही शिकवा. आमच्या ज्युनिअरांना व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर प्लीज बघा' एवढंच येतं.

गॅलरीवाला, सातारा
मग पंधरा मिनिटं व्ही-नॉच, पंधरा टिपणी. उरलेली दहा प्रश्नांना. प्रश्न आले नाहीत तर बरंच, लवकर घरी.