मदत हवी आहे: लूप टेस्ट पास, तरी सीएनसीवर प्रोग्राम टाकताना अक्षरं गळतात

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या सीएनसी लेथवर (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) प्रोग्राम अजून आरएस-232 म्हणजे जुन्या सीरियल केबलनेच टाकतो. पीसीकडे 9 पिनी कनेक्टर, मशीनकडे 25 पिनी, केबल साधारण 12 मीटर, बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) 9600.

पीसी फॉरमॅट केल्यापासून लांब प्रोग्राममध्ये अधूनमधून एखादं अक्षर गायब होतं. छोटे प्रोग्राम नीट जातात. परवा 'एक्स 25.4' मधला टिंबच गळाला. टिंब नसला की आमचं कंट्रोल आकडा मायक्रॉनमध्ये धरतं, म्हणजे 0.254 मिमी. टूल थेट जॉबमध्ये घुसलं असतं. ऑपरेटर काका स्क्रीनवर ओळन् ओळ वाचतात म्हणून वाचलो.

मी काय केलं: पीसीच्या पोर्टवर 2 आणि 3 नंबरच्या (डेटा पाठवायच्या-घ्यायच्या) पिना तारेच्या तुकड्याने शॉर्ट केल्या, म्हणजे लूप टेस्ट. टाइप केलेलं परत आलं. तार काढली की यायचं थांबलं, म्हणजे लोकल एको (टाइप केलेलं सॉफ्टवेअरनेच स्क्रीनवर दाखवणं) नव्हता. मग केबलचं मशीनकडचं टोक सोडवून तिथे 2-3 लूप केलं आणि अख्खा प्रोग्राम फिरवून आणला. कंप्रेसर चालू असतानाही एका अक्षराचा फरक नाही!

मग दोष मशीनच्या पोर्टमध्येच धरायचा का? कार्ड बदलायचं तर खर्च मोठा आहे, म्हणून आधी विचारतोय.

प्रतिसाद

दादा, कार्डाला अजून हात लावू नका. लूपमध्ये पीसीच बोलतो आणि पीसीच ऐकतो, त्यामुळे पोर्ट आणि त्या दोन तारा धड आहेत एवढंच कळतं. मशीनचा बफर (आलेली अक्षरं तात्पुरती साठवायची जागा) भरल्यावर ते 'थांब' म्हणतं, ते पीसी ऐकतो की नाही, हे लूपमध्ये कधीच दिसत नाही. बॉड रेट किंवा पॅरिटी (चूक पकडायच्या जादा बिटची सेटिंग) मशीनशी जुळत नसली तरी लूप पासच होतो. तुमची अक्षरं बदलत नाहीत, गळतात, आणि तीही लांब प्रोग्राममध्येच. फॉरमॅटनंतर सॉफ्टवेअरमधलं फ्लो कंट्रोल (हे 'थांब'-'पाठव' इशारे पाळायची सेटिंग) बघितलंत का? मशीनच्या पॅरामीटरला जे असेल तेच तिथे हवं.

धागाकर्ता

फ्लो कंट्रोल 'नन'वर म्हणजे बंद होतं. एक्सऑन/एक्सऑफ ('पाठव'-'थांब'चे इशारे डेटाच्या तारेवरूनच) केलं. सगळ्यात लांब प्रोग्राम टाकला, मशीनमधून परत पीसीवर मागवला आणि मूळ फाइलशी ताडून पाहिला. टिंब न् टिंब जुळला. मनापासून आभार.